‘यंदाही मुलींचीच बाजी’: उच्च शिक्षणातला आकडा छापण्याआधी तपासायचा कसा

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो तेव्हा मथळा आधीच जुळवून ठेवलेला असतो: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. केंद्राचा उच्च शिक्षणाचा अहवाल आला की दुसरा मथळा येतो, ‘उच्च शिक्षणात मुलींनी मुलांना मागे टाकलं’. त्याच अहवालातून तिसरा निघतो, ‘विज्ञान शाखेत मुली जास्त’. यातला पहिला मथळा खरा असूनही वाचणाऱ्याच्या मनात चुकीचं चित्र उभं करतो. दुसरा ज्या शब्दांत छापला जातो त्या शब्दांत चूक आहे. तिसरा बरोबर आहे, पण त्याला एक शेपूट जोडावं लागतं. कुठला मथळा कुठे बसतो, हे साध्या कॅल्क्युलेटरवर तासाभरात कळतं. तालुक्याचे वार्ताहर, समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी आणि कॉलेजच्या अहवालाचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं असे प्राध्यापक, या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी ही रीत आहे.

आधी ‘प्रमाण’ हा शब्द बाजूला ठेवा

घोळाची सुरुवात आपल्या भाषेतूनच होते. ‘मुलींचं प्रमाण वाढलं’ या वाक्याचे निदान चार अर्थ होतात. मुलींची संख्या वाढली, हा पहिला. एकूण विद्यार्थ्यांत मुलींचा वाटा वाढला, हा दुसरा. त्या वयाच्या मुलींपैकी शिकणाऱ्यांचा दर वाढला, हा तिसरा. आणि मुलींचा दर भागिले मुलांचा दर हा भागाकार वाढला, हा चौथा. संख्या वाढताना वाटा घटू शकतो. दर वाढताना भागाकार घटू शकतो. त्याचं खरंखुरं उदाहरण पुढे आहेच.

म्हणून टिपण काढताना ‘प्रमाण’ आणि ‘टक्केवारी’ हे शब्द वापरायचे नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे संख्या, वाटा, दर किंवा भागाकार यांपैकी एक शब्द लिहायचा. दुसऱ्या रकान्यात छेद लिहायचा, म्हणजे हा टक्का कशाचा ते. शाळेत अंश-छेद शिकवतात, पण बातमीत छेद बहुतेक वेळा गळालेला असतो. तो सापडत नसेल तर आकडा वापरू नका. मग तो मंत्र्यांच्या भाषणातला असला तरी.

बारावीचा निकाल: तीन टक्क्यांतून लपलेली संख्या काढणं

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०२५ च्या बारावीच्या निकालात एकूण ९१.८८ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. मुली ९४.५८ टक्के, मुलं ८९.५१ टक्के. फरक पाच टक्क्यांहून जास्त, त्यामुळे ‘बाजी’ खोटी नाही. पण हा उत्तीर्ण होण्याचा दर आहे, आणि छेदात आहेत परीक्षेला बसलेल्या मुली. मुळात बसल्या किती, हे या टक्क्यांत कुठेच थेट सांगितलेलं नाही.

तरी ते काढता येतं, आणि त्यासाठी मंडळाकडे फोन करायचीही गरज नाही. एकूण टक्क्यातून मुलांचा टक्का वजा करा: ९१.८८ − ८९.५१ = २.३७. मग मुलींच्या टक्क्यातून मुलांचा टक्का वजा करा: ९४.५८ − ८९.५१ = ५.०७. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर येतं ०.४६७. म्हणजे परीक्षेला बसलेल्यांत मुलींचा वाटा सुमारे ४६.७ टक्के. परीक्षेला १४,१७,९६९ विद्यार्थी बसले होते, तेव्हा मुली साधारण ६.६३ लाख आणि मुलं ७.५५ लाख. आता दोघांना आपापल्या दराने गुणा. उत्तीर्ण मुली सुमारे ६.२७ लाख, उत्तीर्ण मुलं ६.७६ लाख.

तेव्हा ‘बाजी’ मारूनही कॉलेजच्या दारात पोचलेल्यांत मुली कमीच होत्या. २०२४ च्या निकालावर हीच रीत वापरून पाहा: एकूण ९३.३७, मुली ९५.४४, मुलं ९१.६०. मुलींचा वाटा निघतो सुमारे ४६.१ टक्के. दोन वर्षांच्या उत्तरांत अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक दिसतो. तो बातमीचा विषय होऊ शकतो, पण त्यासाठी दोन वर्षं पुरत नाहीत. पाच-सहा वर्षांचे आकडे मांडा आणि मगच दिशा सांगा.

या रीतीला एक मर्यादा आहे, आणि ती नीट समजली नाही तर हसं होतं. मुलामुलींच्या टक्क्यांतला फरक मोठा असेल तरच ती चालते. फरक लहान असला की शेवटच्या दशांश स्थळावरची गोळाबेरीज सगळं उत्तर बिघडवते. याचा नमुना पुढच्याच भागात आहे.

मथळा लिहायचा तर ‘उत्तीर्ण होण्यात मुली पुढे, परीक्षेला बसण्यात मागे’ असा लिहा. लांब आहे, पण खरा आहे.

केंद्राचा अहवाल: दर पुढे, संख्या मागे

देशातल्या उच्च शिक्षणाची पाहणी शिक्षण मंत्रालय दरवर्षी करतं. कॉलेजांत तिला ‘एआयएसएचई’ म्हणतात, पूर्ण नाव अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण. अहवाल पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतो. पत्रसूचना कार्यालयाचं दोन पानी निवेदन वाचून थांबू नका. त्यात ठळक आकडे असतात, छेद मात्र आतल्या तक्त्यांत असतात.

२०२१-२२ च्या अहवालातले हे आकडे कागदावर उतरवून घ्या. एकूण विद्यार्थी ४.३३ कोटी, त्यांत मुली २.०७ कोटी. सकल नोंदणी दर, म्हणजे जीईआर, मुलींचा २८.५, मुलांचा २८.३, दोघांचा मिळून २८.४. लिंग समानता निर्देशांक, म्हणजे जीपीआय, १.०१.

जीपीआय एकच्या वर गेला की ‘मुली जास्त’ अशी बातमी होते. पण जीपीआय म्हणजे दोन दरांचा भागाकार, २८.५ भागिले २८.३. संख्येत मुली ४.३३ कोटींपैकी २.०७ कोटी, म्हणजे वाटा ४७.८ टक्के. मुलांपेक्षा सुमारे १९ लाखांनी कमी.

दर जास्त आणि संख्या कमी, हे कसं? छेदाकडे पाहा. १८ ते २३ या वयाच्या दर शंभर मुलींमागे उच्च शिक्षणात २८.५ मुलींची नोंद आहे, मग शिकणाऱ्यांचं वय काहीही असो, तर त्या वयाच्या मुली एकूण किती? २.०७ कोटी भागिले ०.२८५, म्हणजे सुमारे ७.२६ कोटी. मुलांसाठी तेच करा: २.२६ कोटी भागिले ०.२८३, सुमारे ७.९९ कोटी. हजार मुलांमागे जेमतेम ९१० मुली. वर्गात मुली कमी दिसतात कारण त्या वयोगटातच मुली कमी आहेत. ही पिढी १९९८ ते २००३ च्या सुमारास जन्मलेली. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात देशात हजार मुलांमागे ९२७ मुली होत्या, महाराष्ट्रात ९१३. सोनोग्राफीच्या त्या काळाचा हिशेब आज कॉलेजच्या हजेरीपटावर उमटतो आहे. महाराष्ट्रात २०११ ला हा आकडा ८९४ वर आला होता आणि ती मुलं आता कॉलेजात येत आहेत. त्यामुळे पुढची काही वर्षं राज्यात ‘मुलींची संख्या घटली’ असं दिसलं, तर दर तपासल्याशिवाय ‘मुली शिक्षण सोडू लागल्या’ असं लिहू नका.

आता आधीच्या रीतीची मर्यादा इथे पाहा. बारावीच्या आकड्यांवर केलं तसं इथे करायला गेलात तर (२८.४ − २८.३) भागिले (२८.५ − २८.३) म्हणजे बरोबर ५० टक्के येतात. वर संख्येला दराने भागून मात्र या वयोगटात मुली ४७.६ टक्के निघतात. तीनही आकडे एका दशांश स्थळापर्यंत गोळा केलेले आणि फरक फक्त ०.२, त्यामुळे उत्तर कुठेही भरकटू शकतं. संख्या हाताशी असेल तर संख्येनेच भागा.

वर्षांची तुलना करताना दोन खड्डे

पहिला खड्डा लोकसंख्येच्या अंदाजाचा. २०१९-२० च्या अहवालात देशाचा जीईआर २७.१ छापला होता, २०२०-२१ च्या अहवालात २७.३. एका वर्षात फक्त ०.२ ची वाढ, असं कुणालाही वाटेल. पण २०२०-२१ पासून छेदातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवर आधारलेल्या नव्या अंदाजाने घेतली जाते. त्याच मापाने २०१९-२० चा दर पुन्हा मोजला तर तो २५.६ येतो. म्हणजे खरी वाढ १.७. जुन्या पीडीएफमधला आकडा आणि नव्या पीडीएफमधला आकडा शेजारी ठेवणं ही या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. उपाय सोपा. मागच्या वर्षांचे आकडे नेहमी ताज्या अहवालातल्या कालक्रमाच्या तक्त्यातून घ्या. त्यात सगळी वर्षं एकाच मापाने दिलेली असतात. उदाहरणार्थ, मुलींचा दर २०१४-१५ मध्ये २२.९ होता, २०२१-२२ मध्ये २८.५. ही तुलना चालते.

दुसरा खड्डा जीपीआयचा. २०२०-२१ मध्ये तो १.०५ होता, पुढच्या वर्षी १.०१. ‘मुलींची पीछेहाट’ असा मथळा करायचा मोह होईल. पण दर पाहा. मुलींचा २७.९ वरून २८.५ झाला, म्हणजे वाढला. मुलांचा २६.७ वरून २८.३ झाला, म्हणजे जास्त वाढला. भागाकार छेद फुगल्यामुळे घटला. जीपीआय एकटा कधीच छापू नका, दोन्ही दर सोबत द्या.

शाखा उलगडा, नाहीतर सरासरी फसवते

२०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत, पदवीपासून पीएच.डी.पर्यंत, ५७.२ लाख विद्यार्थी होते. मुली २९.८ लाख, मुलं २७.४ लाख. इथे संख्येनेच मुली जास्त आहेत, वाटा ५२ टक्के. मथळा खरा.

आता शेपूट. अहवालात ‘विज्ञान’ म्हणजे बी.एस्सी., एम.एस्सी. वगैरे. अभियांत्रिकी वेगळी मोजतात. दोन्ही मिळून जो ‘स्टेम’ गट होतो त्यात ९८.५ लाख विद्यार्थी आणि त्यांत मुली ४१.९ लाख. यातून विज्ञानाचे आकडे वजा करा. उरतात ४१.३ लाख विद्यार्थी, मुख्यतः अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानाचे. त्यांत मुली १२.१ लाख, म्हणजे २९ टक्के. ‘विज्ञान-तंत्रज्ञानात मुली पुढे’ असं कुणी लिहिलं असेल तर ही वजाबाकी त्याच्यापुढे ठेवा. दोन शब्दांमधल्या त्या छोट्या रेघेने ५२ आणि २९ एकत्र बांधले आहेत.

प्रवेश परीक्षांतही हीच फाळणी दिसते. २०२४ च्या नीटसाठी नाव नोंदवणाऱ्या मुली १३ लाखांहून जास्त होत्या, मुलं १० लाखांच्या थोडी वर. जेईई मेनला मात्र मुली जवळपास एक तृतीयांश. म्हणून ‘मुली व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळल्या’ असं सरसकट वाक्य निरुपयोगी आहे. कुठल्या अभ्यासक्रमांकडे, ते सांगावं लागतं. ‘वैद्यकीय’ शब्दाचंही तसंच. अहवालात वैद्यकीय विज्ञान या गटात एमबीबीएसबरोबर नर्सिंग, फार्मसी, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी हे सगळं येतं. नर्सिंगच्या मुली बाजूला काढल्याशिवाय ‘डॉक्टर होण्यात मुली पुढे’ असं या गटावरून म्हणता येत नाही.

आयआयटीबद्दल एक गैरसमज वारंवार कानावर येतो. २०१८ पासून तिथे मुलींसाठी वाढीव जागा सुरू झाल्या. त्या वर्षी १४ टक्क्यांचं लक्ष्य होतं, पुढच्या वर्षी १७ आणि २०२० मध्ये २०. या जागा मूळ जागांवर वाढवलेल्या आहेत, कुणाच्या काढून घेतलेल्या नाहीत. ‘मुलांच्या जागा गेल्या’ असं लिहिणाऱ्याने आधीच्या वर्षीची एकूण प्रवेशसंख्या तपासावी.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी निम्मी सवलत होती. या योजनेचा परिणाम दाखवायला २०२१-२२ चा अहवाल चालणार नाही, कारण तो योजनेच्या आधीचा. त्यासाठी सीईटी कक्षाच्या प्रवेशयाद्या लागतील, आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांत मुलींचा वाटा मोजावा लागेल. शिवाय साध्या बी.ए., बी.कॉम.मधला बदलही सोबत मोजा. योजना ज्यांना लागू नाही तिथेही तेवढीच वाढ दिसली, तर श्रेय योजनेचं नाही.

समाजगट आणि राज्य

एकाच सरासरीखाली किती गोष्टी दडतात पाहा. अनुसूचित जातींचा एकूण दर २५.९ आणि त्यातल्या मुलींचा २६, म्हणजे इथे मुली किंचित पुढे. अनुसूचित जमातींचा एकूण दर २१.२, मुलींचा २०.९. देशाचा जीपीआय १.०१ असताना आदिवासी मुली आपल्याच समाजातल्या मुलांच्या मागे होत्या. एकूण दरापेक्षा मुलींचा दर कमी असेल तर मुलांचा जास्त असलाच पाहिजे. मुलांचा दर वेगळा दिला नसला तरी एवढं ओळखता येतं. नंदुरबार, पालघर किंवा गडचिरोलीहून लिहिणाऱ्याने देशाची सरासरी उचलून जिल्ह्यावर चिकटवू नये, एवढं यावरून पुरेसं स्पष्ट होतं.

राज्यांच्या बाबतीत महाराष्ट्र वाचकाला चकवतो. एकूण दर ३५.३, देशाच्या बराच वर. पण इथे मुलींचा दर मुलांच्या खाली आहे, जीपीआय एकच्या आत. केरळमध्ये मुलींचा दर मुलांच्या कितीतरी पुढे. स्त्रीशिक्षणाचा वारसा सांगताना आपण फुले दांपत्यापासून १९१६ मध्ये कर्व्यांनी सुरू केलेल्या महिला विद्यापीठापर्यंत येतो. तो वारसा खराच आहे, पण त्याच्या आधारे २०२१-२२ चं वाक्य लिहिता येत नाही. आणखी एक खबरदारी. राज्याच्या दरात अंश असतो त्या राज्यातल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांचा, मग ते कुठूनही आलेले असोत. छेद असतो त्या राज्याच्या लोकसंख्येचा. जिथे बाहेरून विद्यार्थी येतात तिथे दर फुगतो. चंडीगडचा ६४.८ आहे तो यामुळेही.

पदवी आणि पेशा: दोन वेगळी खाती

‘शिक्षणात पुढे, म्हणून पेशांतही पुढे’ ही उडी सर्वात धोक्याची. वर्गातली आकडेवारी म्हणजे यंदा नळातून आलेलं पाणी, आणि पेशातली म्हणजे गेली चाळीस वर्षं टाकीत साठलेलं. नळ बदलला तरी टाकीतलं पाणी बदलायला काळ लागतो, आणि टाकीला गळतीही असते.

अमेरिकेचं उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण तिथे मुली संख्येनेच जास्त आहेत आणि बऱ्याच काळापासून. पदवी घेणाऱ्यांत स्त्रिया १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बहुसंख्य. कायद्याच्या कॉलेजांत २०१६ पासून, वैद्यकीय कॉलेजांत २०१९ पासून त्या निम्म्याहून जास्त. तरीही २०२२ मध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांत स्त्रिया ४० टक्क्यांच्या आतच होत्या. यात फसवणूक नाही, टाकीचा हिशेब आहे.

आपल्याकडे शिक्षकांचे आकडे याच अहवालात मिळतात. २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणात १५.९८ लाख शिक्षक होते आणि त्यांत स्त्रिया ४३.४ टक्के. शंभर पुरुषांमागे ७७ स्त्रिया. २०१४-१५ मध्ये हेच ६३ होतं. वाढ मोठी आहे. पण पदनिहाय तक्ता उघडा आणि सहाय्यक प्राध्यापकापासून प्राध्यापकापर्यंत वर चढत जा. जसजसे वर जाल तसतसा स्त्रियांचा वाटा घटत जातो. सरासरी छापायची तर हा जिनाही छापा.

वकिलीत दरी आणखी रुंद आहे. देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांत स्त्रिया जेमतेम १५ टक्के आहेत, असं तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश १९८९ मध्ये आली, फातिमा बीवी. तेव्हापासून २०२५ पर्यंत एकूण अकरा. त्यातल्या तिघींनी २०२१ मध्ये एकाच दिवशी शपथ घेतली. तो दिवस बातमीचा होता, पण तो कल नव्हता.

परिषदांच्या नोंदवह्या वापरताना जपा. वैद्यकीय परिषदेच्या किंवा बार कौन्सिलच्या यादीत नाव असणं आणि व्यवसाय करत असणं या वेगळ्या गोष्टी. सनद घेऊन कधीच कोर्टात न गेलेल्या, परदेशी गेलेल्या, मुलं झाल्यावर दवाखाना बंद केलेल्या स्त्रिया यादीत राहतातच. पुरुषही राहतात, पण स्त्रियांच्या बाबतीत ही फुगवटी जास्त असण्याची शक्यता धरूनच चालावं.

कामाच्या आकड्यांसाठी केंद्राची श्रमबल पाहणी म्हणजे पीएलएफएस घ्यावी लागते. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबल सहभाग दर ४१.७ टक्के होता, पुरुषांचा ७८.८. २०१७-१८ मध्ये स्त्रियांचा २३.३ होता. ही उडी पाहून ‘शिकलेल्या मुली कामाला लागल्या’ असं लिहिणारे बरेच. पण गाव-शहर वेगळं करा: ग्रामीण ४७.६, शहरी २८. वाढ मुख्यतः गावातली आहे, आणि तिथे घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणारी स्त्रीसुद्धा ‘काम करणारी’ म्हणून मोजली जाते. तसं मोजणं योग्यच. फक्त तो आकडा पदवीधर स्त्रीच्या नोकरीचा पुरावा म्हणून चालत नाही. पेशाबद्दल बोलायचं असेल तर व्यवसायानुसार दिलेले तक्ते शोधा आणि त्यात ‘व्यावसायिक’ हा दुसरा विभाग घ्या. डॉक्टर, शिक्षक, वकील, अभियंते तिथे येतात.

आपल्या कॉलेजचा आकडा

देशाच्या आकड्यांपेक्षा गावच्या कॉलेजचा आकडा जास्त सांगून जातो, आणि तो मिळवणं अवघड नाही. प्रत्येक कॉलेज दरवर्षी पाहणीसाठी ‘डीसीएफ-२’ हा नमुना भरतं. त्यात अभ्यासक्रमवार, वर्षवार, सामाजिक प्रवर्गवार मुलं-मुली मोजलेल्या असतात. कॉलेजात एक समन्वयक अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे भरलेल्या नमुन्याची प्रत मागा. सरळ मिळाली नाही तर अनुदानित कॉलेजला माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जात ‘गेल्या पाच वर्षांतील विद्यार्थिनींचे प्रमाण कळवावे’ असं लिहिलंत तर एका ओळीचं उत्तर येईल आणि ते निरुपयोगी असेल. असं लिहा: ‘शैक्षणिक वर्ष २०१९-२० ते २०२३-२४ या प्रत्येक वर्षी, प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रथम, द्वितीय व तृतीय वर्षात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, मुले व मुली स्वतंत्रपणे, तसेच तृतीय वर्ष उत्तीर्ण झालेल्यांची संख्या, मुले व मुली स्वतंत्रपणे.’ संख्या मागा, टक्के तुम्ही काढा. कार्यालयाने काढलेल्या टक्क्यांत छेद कुठला, हे पुन्हा विचारावं लागतं.

उत्तर आलं की तुकडी तिरकी वाचा: २०१९-२० चं प्रथम वर्ष, २०२०-२१ चं द्वितीय, २०२१-२२ चं तृतीय. समजा प्रथम वर्ष बी.ए.ला १२० मुली आणि ८० मुलं होती, आणि त्याच तुकडीच्या तृतीय वर्षात ६६ मुली व ३४ मुलं उरली. मुलींचा वाटा ६० वरून ६६ टक्के झाला. कॉलेजच्या अहवालात हे ‘विद्यार्थिनींचे वाढते प्रमाण’ म्हणून झळकेल. पण १२० पैकी ५४ मुली गेल्या, म्हणजे ४५ टक्के. मुलांची गळती ५७ टक्क्यांहून जास्त, एवढाच फरक. वाटा वाढला तो मुलं अधिक वेगाने गळाल्यामुळे. दोन्ही गळत्यांची कारणं वेगळी असतात आणि वेगळीच विचारावी लागतात. मुलींमध्ये लग्न, एसटीची वेळ, घरातलं आजारपण. मुलांमध्ये रोजगार, भरतीची तयारी, शहरातली कंपनी. नापास होऊन मागे राहिलेले आणि दुसऱ्या कॉलेजात बदली घेतलेलेही याच आकड्यात मिसळलेले असतात. कार्यालयाकडून दाखला काढून नेणाऱ्यांची संख्या वेगळी मागा, म्हणजे हा भाग बाजूला काढता येईल.

ग्रामीण कला महाविद्यालयात मुली दोन तृतीयांश दिसल्या की आणखी एक प्रश्न विचारायचा: गावातली मुलं कुठे आहेत? बऱ्याचदा ती आयटीआयला गेलेली असतात. आयटीआय या पाहणीत उच्च शिक्षण म्हणून मोजलंच जात नाही, त्यामुळे तिथली मुलं अंशातून गायब होतात. छेदात मात्र राहतात. पॉलिटेक्निकचं पाहणीत येतं, मुक्त विद्यापीठाचंही येतं. २०२०-२१ मध्ये दूरशिक्षणात देशभर ४५.७ लाख विद्यार्थी होते, त्यांत मुली २०.९ लाख. म्हणून कॉलेजच्या आकड्यावर निष्कर्ष काढण्याआधी तालुक्यातल्या आयटीआयची ट्रेडनिहाय प्रवेशसंख्या, जवळच्या पॉलिटेक्निकची शाखानिहाय संख्या आणि मुक्त विद्यापीठाच्या स्थानिक अभ्यासकेंद्राची नोंदणी, या तीन याद्या मिळवा. आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत केंद्रीय पद्धतीने होतात, तेव्हा संस्थेने दिली नाही तर तिथे अर्ज करा. चारही याद्या एका तक्त्यात घातल्या की कोण कुठे गेलं ते दिसतं. कॉलेजच्या गेटवर उभं राहून ते दिसत नाही.